खराब निघालेलं कार्ड कोणाचं? जुन्या पीएलसीच्या बाजाराचा एक छोटा इतिहास

ऑनलाइन बाजारात एखाद्या जुन्या पीएलसीचं इनपुट किंवा आउटपुट कार्ड शोधून बघा. मॉडेल नंबर एकच, पण विक्रेत्यांचे शब्द वेगवेगळे: ‘न वापरलेलं, फक्त खोका उघडलेला’, ‘चालू मशीनवरून काढलेलं’, ‘रिफर्बिश्ड’, ‘टेस्ट केलेलं नाही’, ‘आहे तसं’, ‘फक्त पार्टसाठी’. वस्तू तीच, पण शब्द बदलला की किंमत बदलते. असं का? कारण प्रत्येक शब्द एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर देतो: हे कार्ड उद्या खराब निघालं, तर नुकसान कोणी सोसायचं?

‘संशोधनाचा विषय कसा सापडतो?’ असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज नियम सांगत बसण्याऐवजी या एका प्रश्नाचा माग काढून दाखवते. तंत्रज्ञान, अर्थशास्त्र आणि कायदा असे तीन इतिहास यात एकमेकांना येऊन मिळतात. आणि यात कोणाचं तरी खरोखर काहीतरी पणाला लागलेलं असतं. मशीन बंद पडलेल्या छोट्या कारखानदाराला ते कार्ड आज हवं असतं, आणि चुकीचं निघालं तर दुसरं घ्यायला पैसे नसतात.

आधी वस्तू समजून घ्या

१९६० च्या दशकात मोटार कारखान्यांमधली यंत्रं रिले चालवत असत. भिंतभर पॅनेल, त्यात शेकडो रिले आणि वायरींचं जाळं. गाडीचं मॉडेल बदललं की वायरिंग बदलायचं, नाहीतर पॅनेलच भंगारात काढायचं. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने याला पर्याय मागितला: प्रोग्रॅम सहज बदलता येईल, कारखान्याच्या धुळीत आणि उष्णतेत टिकेल आणि दुरुस्तीसाठी भाग उपसून नवा बसवता येईल असा कंट्रोलर. डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्समधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेला मॉडिकॉन ०८४ हे त्याचं उत्तर. कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून हे नाव.

त्यातली तिसरी अट लक्षात ठेवा. ‘भाग उपसा, नवा बसवा’ ही सोय देखभालीसाठी होती. पण जो भाग सहज उपसता येतो तो सहज विकताही येतो. जुन्या कार्डांचा बाजार इंटरनेटमुळे वाढला हे खरं, पण तो शक्य झाला तो १९६८ च्या या रचनेमुळे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असं वारंवार दिसतं. एका कारणासाठी घेतलेला निर्णय दुसऱ्याच कोणाच्या तरी कामाला येतो. म्हणून वस्तूची मूळ मागणी काय होती ते आधी वाचायचं.

दुसरी गोष्ट आयुष्याची. प्रेस, लेथ किंवा छपाईयंत्र नीट सांभाळलं तर तीस-चाळीस वर्षं चालतं. इलेक्ट्रॉनिक्सची पिढी मात्र त्याआधीच संपते. सीमेन्सची सिमॅटिक एस-५ मालिका १९७९ ची. १९९० च्या दशकात तिची जागा एस-७ ने घेतली. ॲलन-ब्रॅडलीची पीएलसी-५ मालिका १९८० च्या दशकात आली आणि २०१७ मध्ये बंद झाली. मालिका बंद झाली म्हणून यंत्र थांबत नाही. नवा कंट्रोलर बसवायचा तर प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा, वायरिंग बदलायचं, चाचण्या घ्यायच्या, आणि तोपर्यंत उत्पादन बंद. म्हणून कारखानदार सुधारित मॉडेल मागत नाही. त्याला तोच नंबर हवा असतो, आणि तो फक्त जुन्या बाजारातच मिळतो.

बिघाड डोळ्यांना दिसत नाही

जुनी खुर्ची घेताना पाय हलवून बघता येतो. कार्डाचं तसं नाही. सोळा आउटपुटांच्या कार्डात एकच आउटपुट जळालेलं असू शकतं. वरचा दिवा लागला म्हणजे आउटपुट चालू, असंही नाही. पुष्कळ कार्डांमध्ये दिवा लॉजिकच्या बाजूला जोडलेला असतो, त्यामुळे पुढचा ट्रान्झिस्टर मेला तरी दिवा लागतो. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं नुसते पडून राहिले तरी खालावतात. म्हणजे ‘न वापरलेलं’ आणि ‘नवं’ हे एकच नव्हे. बॅटरीवर तग धरणारी मेमरी असेल तर बॅटरी संपताच प्रोग्रॅम पुसला जातो. मग कार्ड बाजारात मिळतं, पण त्यात जे होतं ते मिळत नाही.

सगळ्यात धोक्याचा बिघाड म्हणजे चिकटलेला रिले. कंट्रोलर म्हणतो ‘बंद’, पण आतले संपर्क चिकटलेले असतात आणि मोटर फिरतच राहते. अशा वेळी नुकसान पैशात मोजता येत नाही, कारण समोर कोणाचा तरी हात असतो. म्हणून जाणकार माणूस जुनं कार्ड थेट मशीनवर चढवत नाही. आधी टेबलावर पॉवर देतो, प्रत्येक पॉइंटवर खरा लोड लावून बघतो, काही तास गरम होऊ देतो आणि पुन्हा बघतो. पण एवढी तपासणी कार्ड हातात आल्यावरच शक्य आहे. ऑनलाइन खरेदीत पैसे आधी जातात आणि तपासणी नंतर होते. सगळं दुखणं या क्रमात आहे.

तांदळातले खडे

विक्रेत्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. अशा बाजाराचं काय होतं? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये याच प्रश्नावर निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पहिला पेपर परत आला म्हणून खचलेल्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. त्यांचं उदाहरण जुन्या मोटारींचं. चांगली आणि वाईट गाडी घेणाऱ्याला ओळखू येत नसेल तर तो मधली किंमत देतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि राहिलेल्या मालाची सरासरी आणखी घसरते.

या निबंधाचा भारताशी संबंध आहे, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगतात. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. निबंधात भारतीय बाजारातल्या तांदळाचा उल्लेख येतो, मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखे दिसणारे खडे गृहिणीला निवडावे लागतात तो. आपल्याकडे सुपात तांदूळ निवडणाऱ्या कोणाही बाईला हा सिद्धान्त शिकवायची गरज नव्हती! दर्जा तपासण्याचं काम फुकटात घेणाऱ्यावर ढकललेलं असतं, हे तिला ठाऊक होतं. कार्ड टेबलावर तास-तास तपासणारा इलेक्ट्रिशियन तेच काम करतो. त्याचे ते तास कोणत्याही बिलात नसतात. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर हा अदृश्य श्रम, आणि यावर लिहायला भरपूर जागा आहे.

कायदा काय म्हणत आला?

१६०३ साली इंग्लंडमध्ये एका सोनाराने ‘बेझोअर’ म्हणून एक खडा १०० पौंडांना विकला. बेझोअर म्हणजे बोकडासारख्या प्राण्याच्या पोटात सापडणारा खडा. विषावर उतारा म्हणून तेव्हा त्याला फार मागणी होती. इतकी, की पुढे गोव्यातले जेझुइट कृत्रिम खडे बनवू लागले आणि ‘गोवा स्टोन’ म्हणून ते युरोपात गाजले. सोनाराने विकलेला खडा खरा नव्हता. तरी न्यायालय म्हणालं, सोनाराने तो बेझोअर आहे असं नुसतं म्हटलं, हमी दिली नाही. म्हणून दावा उभा राहत नाही. चँडेलर विरुद्ध लोपस हा तो खटला. ‘घेणाऱ्याने सांभाळून घ्यावं’ या तत्त्वाचं हे नेहमी दिलं जाणारं उदाहरण.

आपल्याकडचा माल विक्री कायदा १९३० चा. त्याच्या कलम १६ ची सुरुवात त्याच तत्त्वाने होते, पण पुढे अपवाद येतात. खरेदीचा हेतू विक्रेत्याला कळवून त्याच्या जाणकारीवर विसंबला असाल, किंवा त्या प्रकारच्या मालाच्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल, तर दर्जाची गर्भित अट लागू होते. मात्र तुम्ही माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर सांगता येत नाही. कलम ६२ ची मोकळीक वेगळीच: दोघांनी ठरवून ही गर्भित जबाबदारी बाजूला ठेवता येते. ‘आहे तसं’ या शब्दांचं वजन इथून येतं.

आता कलम ४१ ते ४३ वाचा. खराब कार्ड हातात पडलेल्या माणसासाठी ती सगळ्यात कामाची. न तपासता आलेला माल पोचल्यावर तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो ‘स्वीकारला’ असं धरत नाहीत. पण वाजवी मुदत उलटली आणि नकार कळवला नाही, किंवा आपणच मालक असल्यासारखा त्याचा वापर सुरू केला, तर स्वीकार झाला. वेगळं ठरलं नसेल तर नाकारलेला माल परत पोचवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर नाही, कळवणं पुरेसं. थोडक्यात: पार्सल उघडतानाच फोटो, सीरियल नंबर, टेबलावर चाचणी आणि लेखी कळवणं. कार्ड मशीनवर चढवून दोन महिन्यांनी फोन केलात तर बाजू लंगडी पडते.

१९९५: एक निकाल, एक संकेतस्थळ

४ एप्रिल १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्याचा निकाल दिला. वस्तू होती सीएनसी टर्निंग मशीन. ते उशिरा आलं आणि त्यात दोष आहेत अशी तक्रार. महाराष्ट्र राज्य ग्राहक आयोगाने भरपाई देऊ केली होती, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली. प्रश्न होता: कारखान्यासाठी यंत्र घेणारा ‘ग्राहक’ असतो का? न्यायालयाने रेषा आखली. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा लेथ घेणारा ग्राहक आहे. मोठ्या नफ्याच्या व्यवसायासाठी घेणारा नाही. या खटल्यातलं यंत्र दुसऱ्या प्रकारात बसलं. दिवाणी न्यायालय मोकळं होतं, पण ग्राहक मंचाचं जवळचं दार बंद झालं. आजही वर्कशॉपसाठी कार्ड घेणाऱ्याला आधी हीच रेषा पार करावी लागते.

त्याच वर्षी ३ सप्टेंबरला पिएर ओमिड्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ सुरू केलं, म्हणजे पुढची ईबे. तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणून सांगतात ती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. पुढच्या वर्षी, १९९६ मध्ये, तिथे घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी एकमेकांना शेरे देण्याची सोय आली. अकरलॉफ यांनी हमी, नामांकित ब्रँड असे उपाय आधीच सांगितले होते. अनोळखी माणसाची ‘पत’ सगळ्यांना दिसेल अशी मांडणं हा त्याच जातीचा उपाय. पण त्यालाही मर्यादा आहे. शेरा पहिल्या काही दिवसांत दिला जातो. सहा महिन्यांनी दगावणारा कपॅसिटर त्यात येत नाही.

इथे सावध राहा. निकाल आणि संकेतस्थळ एकाच वर्षी आले हा निव्वळ योगायोग. ‘न्यायालयाने दार लावलं म्हणून लोक शेऱ्यांकडे वळले’ असं लिहिलंत तर गाइड पहिल्याच पानावर लाल पेन चालवतील, आणि ते बरोबरच असेल. म्हणता येतं ते एवढंच: नुकसान कोणी सोसायचं, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं तेव्हापासून शेजारी-शेजारी नांदताहेत.

अजून एक धडा. ईबेची स्थापना प्रेयसीला हव्या असलेल्या पेझच्या डब्यांसाठी झाली, ही गोष्ट वर्षानुवर्षं छापली गेली. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती, हे पुढे कंपनीच्याच माणसांनी मान्य केलं. गोष्ट गोड असली की स्रोत दोनदा तपासायचा.

मग प्रबंध कशावर?

जाहिरातीतले शब्द हा दस्तऐवज माना. एकाच मॉडेल नंबरच्या जाहिराती वर्षानुवर्षं जमवा आणि ‘टेस्टेड’ या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला ते बघा. त्यांच्या शेजारी उत्पादकांची मालिका बंद करण्याची पत्रकं ठेवा आणि ग्राहक आयोगांचे निकाल ठेवा. मग भोसरीच्या किंवा अंबडच्या एमआयडीसीत जाऊन दुरुस्ती करणाऱ्यांच्या मुलाखती घ्या, कारण कागदावर ते कुठेच नाहीत. त्यांना ‘बाजार कसा आहे?’ असं विचारू नका. ‘शेवटचं खराब कार्ड आलं तेव्हा काय केलंत?’ असं विचारा. परत पाठवलं, पदरचे पैसे घालून दुरुस्त केलं, की त्यातला चांगला भाग काढून दुसऱ्या कार्डात बसवला? पाटी, वही, व्हॉट्सॲपवरचा हिशोब, जे दाखवतील ते बघा. नावं मात्र परवानगीशिवाय लिहू नका. जुना माल विकणाऱ्याचं पोट त्याच्या नावावर चालतं.

विषय निवडताना ‘औद्योगिक वस्तूंचा जुना बाजार’ एवढा मोठा घास घेऊ नका. एक मालिका, एक वसाहत, दहा वर्षं घ्या. आणि खराब कार्डाचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून गेला, एवढं प्रत्येक प्रकरणात नोंदवत चला. तुमचा पहिला तक्ता तिथूनच तयार होईल.