मुंगीपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

रुग्णाच्या देहावर व मूत्रावर मुंग्या जमू लागणे ही प्रमेहाची पूर्वसूचना होय, असे चरकसंहिता सांगते. मधुमेहाची पारख पुढे कित्येक शतके मूत्रावरच होत राहिली. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याच सुमारास, १७७६ साली, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टराने मधुमेह्याचे रक्तही गोड असते असे दाखवून दिले. तथापि थोड्याशा रक्तावरून साखर मोजण्याची सोय व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. पणजीस वैद्यकशाळा १८४२ सालीच निघाली होती. पण पेडण्याच्या रुग्णाला तेथे पोचावयाचे तर शापोरा आणि मांडवी या दोन नद्या ओलांडाव्या लागत.

गर्भवतीच्या बाबतीत मूत्रपरीक्षा तर अगदीच बेभरवशाची. गरोदरपणी निरोगी स्त्रीच्याही मूत्रात साखर उतरू शकते. उलट जिच्या रक्तात ती खरोखरच वाढली आहे, तिला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. दुखणे नाही, म्हणून तपासणी नाही. आणि पोटातले मूल वाजवीपेक्षा मोठे होऊन बाळंतपण अडते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. जन्मल्याबरोबर बालकाच्या रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचे भय असते, ते वेगळेच.

१९६४ साली बोस्टनमध्ये ओसलिव्हन आणि मॅहन यांनी ७५२ गर्भवतींच्या रक्तावरून निदानाची मापे ठरविली. पण ती उपाशीपोटी, तीन तास बसवून, पुनःपुन्हा रक्त काढून. दूरच्या वाड्यावरून सकाळची बस धरून आलेल्या बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हणणे, म्हणजे ती पुन्हा न येण्याचीच तजवीज! चेन्नईचे डॉ. शेषय्या व त्यांचे सहकारी यांनी पुरस्कारिलेली रीत म्हणूनच मोलाची. जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावयाचे व दोन तासांनी रक्त तपासावयाचे. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली, की निदान झाले. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनीही हीच रीत स्वीकारली. पहिल्या भेटीत एकदा, आणि साखर तेव्हा न आढळल्यास २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

गोमंतकात ही निकड अधिकच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात २६.४; सर्व राज्यांत सर्वाधिक.

बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि घर निर्धास्त होते. पण अशा मातेला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव मोठा, म्हणून सहाव्या आठवड्यात तिची फेरतपासणी सांगितली आहे. नेमक्या त्याच आठवड्यात बाळाला लस टोचण्यासाठी ती आरोग्यकेंद्रात आलेली असते. बाळाची लस होते. आईचे रक्त मात्र पुष्कळदा तसेच राहून जाते.