विठोबाच्या वाटेवरची छोटी गाडी

जुन्नर-आंबेगावातून पंढरीला जायचं तर एसटी, नाहीतर पायी दिंडी. पण कुर्डुवाडीपासून पुढे एकेकाळी वाफेवरची छोटी गाडी होती, बार्शी लाइट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर अडीच फुटी रूळ टाकले. रूळ अरुंद आणि हलके, म्हणून खर्च कमी. इंजिनाचं वजन त्याने जास्त चाकांवर वाटलं. चाकांच्या एका जोडीवर पाच टनांहून जास्त भार नाही. डोईवरचा भारा दोघी-तिघींनी वाटून घ्यावा, तसंच की!

१९०६ला गाडी पंढरपूरला पोचली. बाजारपेठेसाठी निघालेली गाडी वारकऱ्यांचीही झाली. पाय थकलेल्या म्हातारीलाही चंद्रभागा गाठता येऊ लागली.

आपल्या मंचर-नारायणगावची रेल्वे मात्र अजून कागदावरच धावते आहे.