जॅग्वार एक्सके १२० आणि डिस्क ब्रेक : ऐतिहासिक वस्तूतील प्रक्षेपाचा प्रश्न

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी, ताम्रपट व शिलालेख यांपलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. वस्तुतः यंत्र हेही एक साधनच आहे. ते ज्या काळी घडले त्या काळाचे ज्ञान, गरजा आणि मर्यादा त्याच्या अंगावर उमटलेल्या असतात. मात्र ताम्रपट कोणी दररोज वापरीत नाही. यंत्र वापरले जाते, आणि वापरताना ते बदलले जाते. जुन्या मोटारींना आधुनिक डिस्क ब्रेक बसविण्याची जी प्रथा आज रूढ झाली आहे, तिचा या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. उदाहरणादाखल येथे जॅग्वार कंपनीची ‘एक्सके १२०’ ही गाडी घेतली आहे.

ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात प्रथम दिसली. नावातील आकडा ताशी १२० मैलांच्या वेगाचा निदर्शक होता, आणि तो पोकळ नव्हता; १९४९ च्या मे महिन्यात बेल्जममधील जाबेके येथील सरळ रस्त्यावर याच जातीच्या एका गाडीने ताशी १३२ मैलांचा वेग गाठला. पण हा वेग आवरणारी यंत्रणा मात्र युद्धपूर्व काळचीच होती. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रमच्या पोटात दोन शू असतात. पायटा दाबला की ते बाहेर फाकून ड्रमच्या आतील कडेवर घासतात. घर्षणाची उष्णता बंद पेटीतच कोंडते. ड्रम तापून प्रसरण पावतो व शूपासून दूर सरकतो, अस्तराचे घर्षण घटते, आणि पायटा खोल जात असूनही गाडी थांबत नाही. आपल्याकडील घाट उतरलेल्या जुन्या चालकांना हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही. एक्सके १२० च्या पहिल्या गाड्यांची पोलादी चाके बंद होती, त्यामुळे वाऱ्यालाही फारसा वाव नव्हता.

डिस्क ब्रेकची कल्पना मुळीच नवी नव्हती. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. त्या काळचे अस्तर तांब्याचे असल्याने ती मागे पडली. विमानांच्या चाकांवर ती पुन्हा उपयोगी ठरली, आणि तेथून डनलॉप कंपनीने ती जॅग्वारच्या शर्यतीच्या गाडीपर्यंत आणली. १९५२ साली स्टर्लिंग मॉसने रीम्स येथे डिस्क ब्रेक असलेल्या सी-टाइप गाडीने विजय मिळविला. पुढच्या वर्षी ल मां येथे टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी चोवीस तासांची शर्यत ताशी १०५ मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. १९५७ च्या एक्सके १५० पासून हे ब्रेक कंपनीच्या रस्त्यावरील गाड्यांतही आले.

येथे मालकवर्गाचा एक युक्तिवाद पुढे येतो. कंपनीने स्वतःच नऊ वर्षांनी जे केले, ते आम्ही जुन्या गाडीला केले तर बिघडले कोठे? हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण इतिहासाच्या कसोटीला तो उतरत नाही. नऊ वर्षांचे ते अंतर हाच तर इतिहासाचा विषय. इंजिनाची शक्ती पुढे धावली आणि ब्रेक मागे राहिले, ही १९४८ ची परिस्थिती गाडीवरून पुसली गेली तर सी-टाइपवर एवढा खटाटोप का झाला हेच उमगणार नाही.

शिवाय बदल एका भागावर थांबत नाही. ड्रममधील पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो; डिस्कला ही आपोआप मिळणारी मदत नाही. म्हणून तिला अधिक दाब लागतो. ल मांच्या सी-टाइपला पंपावर चालणारा आणि एक्सके १५० ला इंजिनाच्या निर्वातावर चालणारा साहाय्यक बसवावा लागला, तो याच कारणाने. कॅलिपरच्या रुंद पिस्टनांना तेलही जास्त लागते, तेव्हा मास्टर सिलिंडर बदलणे आले. ड्रमच्या नळ्यांत थोडा दाब कायम ठेवणारी झडप असते. दर चौरस इंचाला दहा पौंडांच्या आसपासचा तो दाब डिस्कच्या वाट्याला आला, तर पॅड सतत घासत राहून तापतात. पुढे डिस्क व मागे ड्रम असा जोड केला, तर दाबाची वाटणी नव्याने ठरवावी लागते, नाहीतर मागची चाके आधी अडकून गाडी आडवी फिरते. तारांच्या चाकांत कॅलिपर मावतो की नाही, हा प्रश्न निराळाच. एवढे करूनही एकदाच, जोराने थांबण्याच्या अंतरात फार फरक पडत नाही, कारण तेथे मर्यादा अरुंद टायरांच्या पकडीची असते. खरा लाभ वारंवार ब्रेक लावावे लागतात तेथे दिसतो. जाहिरातींतून ही गोष्ट क्वचितच स्पष्ट होते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. तिच्या संपादकांनी प्रक्षिप्त मजकूर संहितेतून काढला, पण फेकून दिला नाही. तो तळटीपांत व परिशिष्टांत जपला. मोटारींच्या बाबतीत जवळपास हाच दंडक ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेत आढळतो. अपरिहार्य बदल पूर्ववत करता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबरच जपावेत, असे ती सुचविते. प्रस्तुत लेखकाचे मतही असेच आहे. गाडी रस्त्यावर न्यावयाची असेल, तर इतरांच्या जिवाचा विचार अग्राह्य मानता येत नाही. परंतु बदल अलिखित राहिला की तो सुधारणा न राहता बनावट दस्तऐवज होतो. आपल्याकडील २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी मूळ स्वरूपाची अट घातली. तेथे भर मुख्यतः चौकट, सांगाडा व इंजिन यांवर आहे. ब्रेकचा बदल त्यामुळे सहज नजरेआड राहू शकतो.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आला आहे. फियाट कंपनीने इटलीत १९६६ च्या ‘११०० आर’ गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिले. मुंबईत कुर्ल्याला मात्र आधीचा ‘११०० डी’ हा नमुना बनत राहिला. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि १९८० च्या दशकातही ती ड्रमवरच धावत होती. परवाना-व्यवस्थेत आणि बंदिस्त बाजारपेठेत एक नमुना कसा गोठतो, याचा पुरावा त्या चार ड्रममध्ये आहे. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता उरलेल्या गाड्या संग्राहकांच्या हाती जात आहेत, आणि त्यांचे मूळ ड्रम फळीवर जपले जातात की भंगारात जातात, हे प्रत्येक कार्यशाळेत वेगवेगळे ठरत आहे.