वेस कोणी बंद केली?

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या गावच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या पडल्या. मुंबईहून चालत आलेली आमची पोरे शाळेच्या ओट्यावर अडकली. त्याच दिवसांत न्यूझीलंडमधले एक छायाचित्र पाहिले : अडवलेला रस्ता, येणाऱ्याची चौकशी. आमच्या बापजाद्यांनी वेस पाहिली ती बाहेरून. तेव्हा अशा चित्रात मी आधी अडवणाऱ्यावरच संशय घेतो. येथे अडवणारे होते माओरी, त्या भूमीचे मूळ रहिवासी! म्हणून त्यांचा इतिहास चाळू लागलो.

१९१३ साली तेथे देवीची साथ आली. ५५ माओरी मेले. देवी काढल्याचा दाखला नसेल तर माओरी माणसाला आगगाडीत बसू देत नसत. म्हणजे रोगसुद्धा कातडीवरून ओळखायचा! १९१८ च्या इन्फ्लुएन्झात देशात सुमारे ९,००० माणसे दगावली, त्यांत सुमारे २,५०० माओरी. त्यांचे मृत्युप्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ आठपट होते आणि कित्येक मृत्यू नोंदवलेच गेले नाहीत. वंशच दुबळा, असे म्हणून मोकळे होणे सोपे. पण त्याच साथीत मुंबईत ‘खालच्या’ जातींच्या हिंदूंत हजारी ६१.६ मेले, युरोपियनांत ८.३. शहर एकच होते.

वायकाटो माओरींची जमीन १८६० च्या दशकातील युद्धानंतर सरकारने जप्त केली होती. त्यांच्यातल्या ते पुएआ हेरांगी या बाईंनी १९१८ नंतर शंभरेक पोरकी मुले सांभाळली. त्यांना घेऊन १९२१ मध्ये त्या नारुआवाहियाला गेल्या आणि तेथे ‘तुरांगावाएवाए’ उभे केले. अर्थ : पाय रोवून उभे राहण्याची जागा.

२०२० मध्ये पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ते फानाऊ-आ-आपानुई जमातीने रस्ता अडवला, तो १९१८ आठवूनच. मोठे रुग्णालय दूर. आणि म्हातारी माणसे गेली की भाषा, वंशावळी त्यांच्यासोबत जाणार. विरोधी पक्षाने बेकायदेशीरपणाचा आक्षेप घेतला. पोलीस मात्र पुढे अशा नाक्यांवर त्यांच्या शेजारी उभे राहिले.

लशीच्या वेळी पुन्हा तेच. रांग वयाप्रमाणे लावली. माओरी समाज वयाने तरुण, त्यामुळे मागे पडला. त्यांना आधी लस द्यावी, हा आरोग्य अधिकाऱ्यांचा सल्ला मंत्रिमंडळाने नाकारला होता. डिसेंबर २०२१ मध्ये वैतांगी न्यायाधिकरणाने निष्कर्ष काढला की सरकारने १८४० च्या कराराचा भंग केला.