बोटांच्या कसोटीची कुळकथा

ज्या यंत्राच्या बळावर १९०३ च्या डिसेंबरात राइट बंधूंचे विमान किटी हॉकच्या वाळूवरून उठले, ते सुमारे बारा अश्वशक्तीचे यंत्र डेटन गावच्या सायकलींच्या दुकानात अवघ्या सहा आठवड्यांत घडविणारा चार्ल्स टेलर हा विमानविद्येतील आद्य मेकॅनिक होय. आणि त्याला कामावर ठेवताना राइट बंधूंना कोणतीही परीक्षा घ्यावी लागली नाही, कारण त्याच्या हातचे सुटे भाग त्यांनी पूर्वीच वापरून पाहिले होते. मालक उमेदवाराला ओळखतो तेथे कसोटी लागत नाही. ती लागते अनोळखी माणसांची रांग दाराशी उभी राहते तेव्हा.

अशी रांग पहिल्या महायुद्धानंतर लागली. ब्रिटिश हवाईदलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांनी १९२० साली विमानांच्या दुरुस्तीसाठी कोवळ्या वयाच्या मुलांना तीन वर्षे उमेदवारीत ठेवण्याची जी योजना सुरू केली, तिच्या प्रवेशाला लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी असे दोन दरवाजे होते. पुढे जेट यंत्राचा जनक म्हणून कीर्ती पावलेला फ्रँक व्हिटल लेखी परीक्षेत उत्तीर्ण होऊनही उंची कमी म्हणून नामंजूर झाला. मग त्याने व्यायामाने शरीर वाढविले, पुन्हा अर्ज केला आणि १९२३ मध्ये तो उमेदवार म्हणून रुजू झाला. उंचीसारखे माप जर तालमीला वश होत असेल, तर बोटांच्या चापल्याचे काय, हा प्रश्न या कुळकथेत पुनःपुन्हा डोके वर काढतो.

हाताचे माप घेण्याची कल्पना मात्र मानसशास्त्रज्ञांची. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथील तांत्रिक महाविद्यालयात १९१८ पासून वाल्टर मोएडे यांनी औद्योगिक मानसतंत्राची संस्था चालविली आणि कारखान्यांत येणारे उमेदवार उपकरणांपुढे बसू लागले. त्याच सुमारास अमेरिकेत स्टेनक्विस्ट यांनी एक पेटी सिद्ध केली होती, जिच्या कप्प्यांत सायकलीची घंटा, उंदीर धरण्याचा सापळा, दाराचे कुलूप अशा दहा वस्तू सुट्या करून ठेवलेल्या असत आणि त्या अर्ध्या तासाच्या मुदतीत जोडावयाच्या असत. पेटी मोठी रंजक खरी. पण ज्या मुलाने घरच्या सायकलीची घंटा एकदा उघडून पाहिली आहे, त्याला ती घंटा नव्हे तर आपले बालपणच गुण मिळवून देते, हा दोष तिला चिकटून होता.

या दोषावर जणू उतारा म्हणूनच जॉन्सन ओ'कॉनर यांची पितळी पट्टी आली. मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट लिन येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात नाजूक जोडकामासाठी माणसे निवडण्याचे काम १९२२ पासून त्यांच्याकडे आले होते. पट्टीला शंभर भोके, आणि प्रत्येक भोकात बोटांनी एकाच वेळी तीन-तीन बारीक पिना बसवायच्या. जोडीला दुसरी पट्टी, जिच्यात एकेक पीन चिमट्याने रोवायची. घरी कोणी हे करीत नाही, म्हणून येथे दिसेल तो निर्भेळ हात, असा या रचनेमागील विश्वास असावा. ओ'कॉनर यांच्या १९२८ च्या पुस्तकाचे 'बॉर्न दॅट वे' हे नाव तर ही शक्ती जन्मजातच असते असे उघड सांगते. मला या विश्वासात विज्ञानापेक्षा व्यवस्थापकाची सोय अधिक दिसते. जन्मजात गुण शोधून काढला की शिकविण्याचा खर्च आपोआप कमी होतो.

आज सर्वपरिचित असलेली पिनांची फळी इंडियानामधील पर्ड्यू विद्यापीठाची. जोसेफ टिफिन आणि अ‍ॅशर यांनी १९४८ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पंचवीस-पंचवीस भोकांच्या दोन ओळी. प्रथम उजव्या हाताने तीस सेकंद, मग डाव्याने तीस, मग दोन्ही हातांनी तीस, आणि शेवटी एका मिनिटात पीन, वॉशर, कडे, पुन्हा वॉशर अशी चळत उभारणे, तीही एक हात ठेवीत असता दुसऱ्याने पुढचा भाग उचलून. या कसोटीची तयारी करणारा बहुधा येथेच फसतो, कारण तो उजवा हात वेगवान करीत बसतो, आणि गुण मात्र डावा हात रिकामा राहिल्यामुळे जातात.

ओ'कॉनर यांच्या सिद्धान्ताला खरा धक्का अमेरिकन हवाईदलाच्याच दप्तरातून बसला. एडविन फ्लेशमन आणि हेम्पेल यांनी १९५४ मध्ये दाखविले, की हाता-पायांची एखादी गुंतागुंतीची क्रिया वारंवार केली असता तिच्या मुळाशी कामास येणाऱ्या शक्तींचे प्रमाणच पालटत जाते. आरंभी जिच्यावर यश अवलंबून असते ती शक्ती सरावानंतर मागे पडते. फ्लेशमन यांनी बोटांचे कौशल्य आणि संपूर्ण हाताचे कौशल्य हेही दोन निराळे गुण मानले. पिनांवर मिळविलेली सफाई पान्यावर चालेलच, असा भरवसा त्यामुळे उरला नाही.

जर्मनीत कसोट्यांचा हाच वंश तारेकडे वळला. तेथे १९६० नंतरच्या दशकात लीनर्ट यांनी प्रमाणित केलेली तार वाकविण्याची चाचणी तांत्रिक उमेदवारीच्या निवडीत रूढ झाली, आणि विमान-मेकॅनिकच्या साडेतीन वर्षांच्या उमेदवारीसाठी अर्ज करणारे तरुणही मऊ तारेचे वेटोळे घरी आणून कागदावरच्या आकृतीबरहुकूम ती वळवून पाहतात. ही तयारी पिनांच्या तयारीहून अधिक सार्थ आहे. पक्कड सोडताच तार थोडी उलटते, म्हणून इष्ट कोनापलीकडे किंचित वाकवावी लागते. वळणात लांबी खर्च होते, म्हणून खूण आधीच मागे घ्यावी लागते. आणि चुकलेले वळण सरळ करू गेल्यास धातू तेथे कठीण होऊन बसतो व लहर काही केल्या जात नाही. सबब, आकृती आधी पुरती वाचून मगच हात घालणारा उमेदवार घाई करणाऱ्याच्या पुढे निघतो.

पुढे विमानाच्या यंत्रावर हीच तार निराळ्या रूपाने भेटते. कंपनाने बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतील छिद्रांतून ती ओवतात, आणि एक बोल्ट ढिला होऊ पाहील तर दुसऱ्याला आवळीलच, अशा दिशेने पिळतात. टोकाला तीन ते सहा पीळ ठेवून ते आत दुमडतात, नाहीतर नंतर हात घालणाऱ्याचे बोट फाटते. एकदा काढलेली तार पुन्हा लावण्याची मुभा तेथे नसते. प्रत्येक वेळी नवी घ्यावी लागते.