मास्कसक्ती
मास्कसक्ती : श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाच्या साथीत सार्वजनिक जागी नाक-तोंड झाकणे बंधनकारक करणारा आणि न झाकणाऱ्यास दंड करणारा प्रशासकीय उपाय. व्यक्तीचे स्वातंत्र्य कुठवर आणि इतरांना अपाय न करण्याचे तिचे कर्तव्य कुठून, हा या उपायामागचा नैतिक प्रश्न आहे.

मास्क घालणाऱ्याला तो काही प्रमाणात वाचवतोच. शिवाय बोलता-खोकताना उडणारे तुषार तोंडापाशीच अडवून समोरच्यालाही वाचवतो. कोविड-१९ मध्ये लक्षणे दिसण्याआधीच माणूस रोग पसरवू शकत असे. त्यामुळे ‘मी ठणठणीत आहे, मला कशाला मास्क?’ हे म्हणणे टिकत नव्हते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी ‘ऑन लिबर्टी’त (१८५९) मांडल्याप्रमाणे, समाजाला व्यक्तीवर बळजबरी करता येते ती इतरांची हानी टाळण्यासाठीच, तिच्या स्वतःच्या भल्यासाठी नव्हे. हेल्मेटसक्ती या कसोटीवर अडखळते. मास्कसक्ती बहुतांशी उतरते. बहुतांशीच, कारण मोटारीत एकट्या बसलेल्या चालकाचे काय? एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यालाही मास्क बंधनकारक ठरवला. सिग्नलला काच खाली होते, हे एक कारण दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाला हा नियम विसंगत वाटला. दुसरे मत अधिक पटते. ज्याला धोका पोचेल असा दुसरा माणूसच जवळ नसेल, तर सक्तीला आधार उरत नाही.

साथीविरुद्ध मास्कचा पद्धतशीर वापर १९१०-११ मध्ये मांचुरियातील फुप्फुसाच्या प्लेगमध्ये झाला. डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड व कापूस यांची पट्टी वापरण्याचा आग्रह धरला. फ्रेंच डॉक्टर मेनी यांनी तो मानला नाही, आणि काही दिवसांत ते प्लेगनेच दगावले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात सॅन फ्रान्सिस्को शहराने मास्क बंधनकारक केला. तेथे महापौर जेम्स रॉल्फ स्वतः मुष्टियुद्धाच्या सामन्याला विनामास्क बसलेले आढळले आणि त्यांनाही दंड झाला. जानेवारी १९१९ मध्ये सक्ती पुन्हा आली, तेव्हा तिच्याविरुद्ध ‘अँटी-मास्क लीग’ उभी राहिली.

भारतातील सक्तीचा कायदेशीर पाया मात्र महाराष्ट्राच्या दुखऱ्या आठवणीशी बांधलेला आहे. मुंबईच्या प्लेगनंतर आलेला १८९७ चा साथरोग कायदा सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देतो. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखालील सोजिरांनी घरांत, देवघरांत घुसून झडत्या घेतल्या, स्त्रियांची विटंबना केली. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला. रोग खरा होता, उपायांची गरजही खरी होती. पण ज्यांच्यासाठी उपाय, त्यांचाच अपमान झाल्यावर लोक रोगी लपवू लागले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच कायदा पुन्हा लागू केला.

८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने सार्वजनिक जागी मास्क बंधनकारक केला. दंड आधी १,००० रुपये होता, नंतर २००. क्लीन-अप मार्शल स्टेशनबाहेर आणि नाक्यांवर पावत्या फाडू लागले. सर्वांना सारखा दंड हा दिसायलाच समान असतो. रोजंदारीवरच्या मजुराची त्यात दिवसाची निम्मी कमाई जाऊ शकते, मोटारमालकाला तो जाणवतही नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालमध्ये प्रचारसभांना विनामास्क गर्दी लोटत होती, आणि नाक्यावरच्या फेरीवाल्याची पावती फाटत होती. अशा वेळी नियमाची नैतिक ताकद राज्यकर्तेच घालवतात. डिसेंबर २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने विनामास्क सापडणाऱ्यांना कोविड केंद्रांत सेवेला पाठवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती दिली. शिक्षा गुन्ह्याहून धोकादायक असू नये, हे येथे उघड होते.

सक्तीखेरीज काय साधते, याचे उत्तम उदाहरण बांगलादेशातील सुमारे ६०० गावांत झालेल्या चाचणीचे आहे. तेथे मास्क फुकट वाटले, स्थानिक पुढाऱ्यांनी व इमामांनी ते घातले, रस्त्यात लोकांना आठवण केली. नीट मास्क घालणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि रक्तचाचणीने सिद्ध झालेला लक्षणयुक्त संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. हा लाभ मर्यादित आहे. मास्कला रामबाण म्हणणारे आणि थोतांड म्हणणारे, दोघांनाही हा आकडा गैरसोयीचा आहे. वैयक्तिक जबाबदारीची भाषा सरकारने वापरावी, पण आधी मास्क हाती द्यावा, मग पावती फाडावी.

सवलतीही नीतीचाच भाग आहेत. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर सक्ती नको, असा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचा सल्ला होता. ओठ वाचून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिरांचा विचार फार थोड्या आदेशांत झाला, ही मोठीच उणीव होती.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाच्या खटल्यात शारीरिक स्वायत्तता घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येते असे सांगितले. मात्र समूहाच्या आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापासून मास्क ऐच्छिक झाला, आणि ते योग्यच होते. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांचा, अवयवरोपण झालेल्यांचा धोका मात्र तेव्हाही संपला नव्हता. रुग्णालयाचे प्रतीक्षागृह व क्षयरोग विभाग येथे सक्ती राखणे समर्थनीय आहे : तेथे कोणी हौसेने जात नाही, आणि शेजारी कोण बसेल हे कोणाला निवडता येत नाही.