वाशीमचं क्रियापद

‘थो उद्या येते का?’ वाशीमच्या एसटी स्टँडवर हा प्रश्न कुणीही विचारेल. पुण्यात कॉलेजला गेलेली वाशीमची मुलं मात्र असं बोलायला बिचकतात, कारण लगेच कुणीतरी हसतं. ही भाषा ‘अशुद्ध’ आहे, असं त्यांना शाळेपासून ऐकवलेलं असतं. म्हणून या वाक्याची रचना एकदा नीट पाहू.

त्यासाठी आधी हॉलंडला जाऊ. डचमध्ये ‘तो उद्या येतो’ हे ‘हेइ कॉम्ट मोर्खन’ असं होतं. म्हणजे क्रियापद दुसऱ्या जागी. प्रश्न विचारला की तेच क्रियापद उडी मारून पुढे येतं: ‘कॉम्ट हेइ मोर्खन?’ आणि हेच वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेलं की क्रियापद थेट शेवटी जातं: ‘दात हेइ मोर्खन कॉम्ट’. एकच क्रियापद, तीन जागा.

मराठीत क्रियापद सहसा जागा सोडत नाही. प्रश्नाला शेवटी ‘का’ जोडला की झालं. पोटवाक्यात आपण क्रियापद हलवत नाही, अख्खं वाक्य हलवतो. ‘तो उद्या येतो असं मला वाटतं’ किंवा ‘मला वाटतं की तो उद्या येतो’. दोन्हीकडे ‘येतो’ आपल्या वाक्याच्या शेवटीच.

यातला ‘की’ कुठून आला? ‘किंवा’ या अर्थाचा ‘की’ जुना, आपलाच. वाक्यं जोडणाऱ्या ‘की’मागे मात्र अनेक अभ्यासकांना फारसीचा हात दिसतो. वऱ्हाडात शतकानुशतकं फारसी ही दरबाराची भाषा होती, त्यामुळे ते पटण्यासारखं आहे. पण फारसीने फक्त जोडशब्द दिला, रचना नाही. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त ‘म्हणितलें’ आधी येतं आणि बोललेलं वाक्य नंतर, तेही मध्ये ‘की’ नसताना. वऱ्हाडीत आज या जोडणीसाठी ‘का’ही ऐकू येतो: ‘मले वाटते का थो उद्या येते.’ एकाच ‘का’वर दोन कामं, आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. कारण प्रश्नाचा ‘का’ शेवटी बसतो, जोडणीचा मध्ये. हा नियम आहे, चूक नव्हे.

आणि ही बोली कोणत्या गावची? वाशीम म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. इथल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली उजेडात आला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, पण गाव दान दिल्याचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. मिरवायला संस्कृत, कामाला लोकांच्या जवळची भाषा. याच घराण्यातल्या सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात रचलं. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, तेही वत्सगुल्म नगरातच.

ज्या गावात साहित्याचं लग्न लागलं, तिथल्या पोरांनी ‘येते का’ म्हणताना मान खाली घालायचं कारण नाही. यापुढे कुणी हसलं तर त्याला एवढंच विचारा: ‘काहून हासतं बे?’ त्यातही क्रियापद आपल्या जागी आहे.